लांब पल्ल्याच्या गाडीचे दुखणे : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दूरच्या प्रवासासाठी बनवलेल्या मोठ्या मोटारसायकलींविषयी लिहिले, तेव्हा ‘कोणती गाडी घ्यावी’ अशी विचारणा करणारी पत्रे येतील, असा माझा अंदाज होता. तो चुकला. बहुतेक पत्रे गाडी घेऊन आठ-दहा वर्षे झालेल्या वाचकांची आहेत आणि हे इंजिन आणखी किती साथ देईल, हीच काळजी त्यांत निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आहे. एकाच प्रकारची पत्रे एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांच्या गाड्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण यांतले कोणतेही दुखणे एका कंपनीपुरते नाही.

प्रश्न : मला दोन जुन्या गाड्या विकत मिळत आहेत. पहिली अठरा वर्षांची असून तिच्या मीटरवर केवळ १४,००० किलोमीटर आहेत आणि ती अगदी नव्यासारखी चकचकीत आहे. दुसरी सात वर्षांची, ९२,००० किलोमीटर धावलेली आणि बरेच ओरखडे पडलेली आहे. मात्र तिच्या सर्व सर्व्हिसिंगच्या नोंदी मालकाने एका वहीत ठेवल्या आहेत. घरातील सर्वांचे मत पहिलीच्या बाजूने आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : घरच्यांचा थोडा रोष पत्करून आधी दुसरी गाडी पाहायला जा. मोठ्या टूरिंग गाडीचे इंजिन किलोमीटरने फारसे थकत नाही. ते उभे राहून थकते. अठरा वर्षांत १४,००० किलोमीटर म्हणजे वर्षाला आठशेही नाहीत. याचा अर्थ ती गाडी महिनोन्महिने हललेली नाही, आणि जेव्हा हलली तेव्हा बहुधा ऑइल पुरते तापण्याआधीच पुन्हा झाकून ठेवली गेली. या काळात पिस्टन झिजले नाहीत हे खरे, पण रबर मात्र मीटरकडे पाहत बसत नाही. कूलंटच्या नळ्या, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर बसवलेले इनटेकचे रबर, ऑइल सील, ब्रेकच्या नळ्या, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरील सील, हे सारे वयाने कडक होते आणि त्याला भेगा पडतात. टाकीच्या आतल्या बाजूला गंज धरतो. कूलंटमधील गंजरोधक घटक दोन-तीन वर्षांत निकामी होतात आणि त्यानंतर रेडिएटर व वॉटर पंप आतून खाल्ले जातात.

जुन्या गाडीत टायमिंगचा पट्टा असेल, तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो. होंडाच्या गोल्ड विंगचे उदाहरण घ्या. १९७५ च्या पहिल्या गाडीपासून २००० पर्यंतच्या सर्व गोल्ड विंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवण्यासाठी रबरी दातेरी पट्टे होते. २००१ मध्ये आलेल्या १८०० सीसीच्या गाडीत प्रथमच त्यांची जागा साखळ्यांनी घेतली. पट्टा शांत असतो, स्वस्त असतो आणि बदलायलाही सोपा असतो; परंतु तो तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन खोलण्याची वेळ येते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून मूळ पट्टा तसाच ठेवणारे मालक मी पाहिले आहेत. पट्टा बदलल्याची तारीख सांगता आली नाही, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

कोणतीही गाडी पाहायला जाताना आधी एक अट घाला: तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. गेल्यावर प्रथम क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या पेटीला, हात लावून पाहा. ते कोमट लागले, तर विकणाऱ्याला थंड इंजिनाविषयी काहीतरी लपवायचे असण्याची शक्यता आहे. टायमिंग चेनचा सैल टेन्शनर, गळके व्हॉल्व्ह सील, अशक्त बॅटरी यांची खरी परीक्षा पहिल्या दहा सेकंदांत होते. गरम इंजिन यांतले बरेच झाकते. मग मागणी करा ती नोंदवहीची. वहीतील अक्षर एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसत नाही ना, हेही पाहून घ्या.

प्रश्न : माझ्या गाडीचे इंजिन बॉक्सर प्रकारचे, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेले आहे. सकाळी सुरू करताना एखाद-दोन मिनिटे निळसर धूर निघतो आणि मग थांबतो. मेकॅनिक म्हणतो की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधावे लागेल. गाडी ४५,००० किलोमीटर चालली आहे.

उत्तर : इंजिन बांधायला देण्यापूर्वी एक रात्र गाडी साइड स्टँडऐवजी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा आणि सकाळी पुन्हा पाहा. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात हा धूर अनेकदा रोग नसून गाडीच्या झुकण्याचा परिणाम असतो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्या बाजूचा सिलिंडर खालच्या पातळीवर येतो, तेथे साचलेले थोडे ऑइल रिंगांच्या फटींतून रात्रभर झिरपत ज्वलनकक्षाकडे जाते आणि सकाळी जळून जाते. बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये आर ३२ ही पहिली गाडी याच मांडणीची काढली, तेव्हापासून ही रचना रस्त्यावर आहे आणि हा धूरही बहुधा तितकाच जुना आहे. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेखेरीज त्याने काही बिघडत नाही.

सरळ उभी करूनही धूर येत असेल, तर तो कधी येतो हे बारकाईने पाहा. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून आल्यानंतर पुन्हा रेस देताच धुराचा लोट निघाला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यावरील सीलवर संशय घ्यावा. चढावर, ओझे घेऊन, सतत रेस दिलेली असताना मागे निळा पट्टा राहत असेल, तर रिंगांचा विचार करावा लागेल. आणि डोळ्यांपेक्षा मोजमापावर विश्वास ठेवा. इंजिन गरम करून बंद करा, मॅन्युअलमध्ये सांगितलेली मिनिटे थांबा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत गाडी उभी करून ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. १,००० किलोमीटर चालवा. मग मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून किती लागले ते लिहून ठेवा. हा आकडा हातात असला की मेकॅनिकशी बोलणे सोपे जाते.

प्रश्न : मोटारीचे महागडे सिंथेटिक ऑइल घातल्यापासून चढावर टॉप गिअरमध्ये इंजिनाची रेस वाढते, पण गाडीचा वेग वाढत नाही. ऑइल उत्तम प्रतीचे असताना असे का व्हावे?

उत्तर : ऑइल उत्तमच आहे, फक्त ते तुमच्या क्लचला नको होते. मोटारीत क्लच कोरडा आणि गिअरबॉक्स वेगळा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. इंधन वाचावे म्हणून मोटारीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती सिलिंडरमध्ये उपकारक ठरतात, पण क्लच प्लेटांचे सगळे काम घर्षणावरच चालते, त्यामुळे तेथे ती घात करतात. डब्यावर जेएएसओ या जपानी मानकसंस्थेचे एमए किंवा एमए२ हे चिन्ह आहे का ते पाहा. ओल्या क्लचसाठी हीच खूण महत्त्वाची आहे, ‘सिंथेटिक’ हा शब्द नव्हे.

ऑइल बदलून पाचशे-सातशे किलोमीटर चालवून पाहा. पुष्कळदा प्लेटा हळूहळू पूर्ववत पकड घेतात. तसे झाले नाही, तर प्लेटा काढून त्यांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी मोजावी लागेल. दोन वाक्ये आणखी: गिअरचे दाते ऑइलच्या लांब रेणूंची अक्षरशः चिरफाड करत असतात, त्यामुळे मोटारीत पंधरा हजार किलोमीटर टिकणारे ऑइल मोटारसायकलीत तितके टिकेल असे धरून चालू नका. आणि खुणेच्या वर ऑइल भरणे ही काळजी नव्हे. जास्तीचे ऑइल क्रँकच्या फिरण्याने फेसाळते आणि ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते.

प्रश्न : माझी गाडी चाळीस-पन्नास मिनिटे उत्तम धावते, नंतर गचके खात बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू होते आणि जणू काही झालेच नाही अशी धावते. वर्कशॉपमध्ये नेली की एकदाही बंद पडत नाही. प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप बदलून झाले. दोन महिन्यांपूर्वी एअर फिल्टर बदलला, त्यानंतर काही दिवसांनी हा त्रास सुरू झाला.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य तुम्ही पहिले लिहायला हवे होते. बहुतेक गाड्यांत एअर फिल्टर टाकीखाली असतो. तो बदलण्यासाठी टाकी उचलावी लागते आणि परत ठेवताना टाकीची श्वासनळी, म्हणजे जिच्यातून पेट्रोल संपेल तशी आत हवा येते ती बारीक रबरी नळी, फ्रेम आणि टाकी यांच्यामध्ये चिमटली जाऊ शकते. मग टाकीत हवा येत नाही, पेट्रोल खाली जात राहते, आत निर्वात तयार होतो आणि पाऊण तासाने इंजिन उपाशी पडते. थांबल्यावर कुठूनतरी हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा सुरू होते. ही चूक मी स्वतःच्या हाताने केली आहे आणि त्यापायी एक पूर्ण दिवस रस्त्याच्या कडेला काढला आहे. अखेर वैतागून, टाकीत पेट्रोल तरी आहे ना, हे पाहण्यासाठी झाकण उघडले, तर ‘फुस्स’ असा लांब सुस्कारा ऐकू आला. टाकी उचलून पाहिली तेव्हा नळीवर नखाने दाबल्यासारखी चपटी खूण उमटलेली होती.

म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सर्वप्रथम टाकीचे झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले. झाकणातच श्वासछिद्र असलेल्या गाड्यांत ते धुळीने किंवा पॉलिशने बुजलेले असू शकते.

आवाज आला नाही, तर गाडी कशी बंद पडते हे आठवा. पेट्रोल कमी पडल्यास गाडी मिसिंग होत, पिकअप गमावत, गचके खात बंद पडते. तुमचे वर्णन असेच आहे. याउलट बटण दाबून बंद केल्यासारखी एकदम थांबली, तर विजेकडे पाहावे. त्यातही क्रँकची स्थिती सांगणारी पिकअप कॉइल हा खास संशयित आहे, कारण तिच्या बारीक तारेतील तुटलेली जागा थंड असताना जुळलेली असते आणि तापून प्रसरण पावली की सुटते. अशा वेळी गाडी अजून वेगात असताना, इंजिन चाकाबरोबर फिरत असतानाच, आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर पडतो. साइड स्टँडचा स्विचही असाच झटक्यात इंजिन बंद करतो. तो चाकाजवळ, चिखल-पाण्याच्या माऱ्यात असतो. आणि काट्याबरोबर मीटरचे दिवेही गेले, तर मुख्य फ्यूजची बैठक, किल्लीचा स्विच आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यापलीकडे शोधायला जाऊ नका. सुटे भाग एकामागून एक बदलत राहणे हे निदान नव्हे. तुमच्या जुन्या कॉइल आणि पंप जपून ठेवा. ते बहुधा चांगलेच असतील.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये ठरावीक अंतराने व्हॉल्व्हचे अंतर तपासण्यास सांगितले आहे. गाडी ६०,००० किलोमीटर चालली, एकदाही तपासलेले नाही, आणि इंजिनाचा आवाज मात्र पूर्वीपेक्षाही गोड झाला आहे. ‘टॅपेट वाजत नाहीत तर हात लावू नका’ असा सल्ला सगळे देतात. तो योग्य आहे का?

उत्तर : ‘पूर्वीपेक्षाही गोड’ हे तुमचे शब्द वाचून मला काळजी वाटली. वाजणारा टॅपेट म्हणजे अंतर जास्त असलेला टॅपेट. तो कानाला त्रास देतो, थोडी शक्ती कमी करतो, पण सहसा इंजिन मारत नाही. मारतो तो न वाजणारा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाखो वेळा आपल्या बैठकीवर आपटतो, त्यामुळे व्हॉल्व्हचा काठ आणि बैठक दोन्ही सूक्ष्म प्रमाणात झिजून व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि त्याची दांडी तितकीच वर येते. दांडी व कॅम यांच्यातले अंतर कमी होते, आवाज कमी होतो आणि मालक खूश होतो. अंतर शून्य झाले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या अवस्थेत बैठकीला देऊन थंड होत असतो. ती संधी गेली आणि फटीतून जळता वायू वाहू लागला की त्याचा काठ जळतो. पहिले लक्षण बहुधा थंडीत गाडी सुरू होण्यास त्रास आणि न्यूट्रलमध्ये अडखळणे हेच असते. पुष्कळ लोक त्यावर बॅटरी बदलतात.

हे अंतर किती सूक्ष्म असते, याची कल्पना असावी. इनटेकला ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटरच्या आसपास, असे आकडे अनेक गाड्यांत आढळतात. एवढ्या फटीचा हिशोब कानाने करता येत नाही; फिलर गेजनेच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनीच, करावा लागतो, आणि तोही इंजिन पूर्ण थंड असताना. इंजिन ३५ अंश सेल्सियसच्या खाली असावे असे काही मॅन्युअल स्पष्ट सांगतात, म्हणून गाडी आदल्या रात्रीच वर्कशॉपमध्ये सोडावी. सकाळी चालवत नेऊन दुपारी ‘टॅपेट सेट करून’ आणलेल्या कामावर मी विश्वास ठेवत नाही.

तपासणीचे अंतर प्रत्येक गाडीत वेगळे असते. काहींत २४,००० किलोमीटर, काहींत ४०,००० हून अधिक. शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, बदलण्याच्या पद्धतीचे इंजिन असेल, तर काम वेळखाऊ असते, पण त्या इंजिनात अंतर बदलतेही सावकाश. पहिल्या तपासणीत सगळे मापात निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. ६०,००० नंतर मात्र तुम्ही नशिबावर चालला आहात. प्रत्येक व्हॉल्व्हचे माप लिहून मागा. ‘सगळे ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. माप मिळाले तर पुढच्या वेळी कोणता व्हॉल्व्ह सरकतो आहे हे समजेल. आणि ज्या इंजिनात अंतर आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना ही तपासणी लागत नाही, हेही मॅन्युअल पाहून खात्री करून घ्या.

प्रश्न : वर्षातील चार महिने मी गाडी चालवत नाही. बॅटरी उतरू नये आणि इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी पाच मिनिटे जागेवरच सुरू ठेवतो. हे पुरेसे आहे ना?

उत्तर : हे पुरेसे नाही, आणि उपकारकही नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सरमधून ठिबकते ते हेच. इंजिन चांगले तापलेले असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पाच मिनिटांत मात्र सायलेन्सरही पुरता तापत नाही आणि ऑइल तर अजिबातच नाही. त्यामुळे रिंगांमधून निसटलेली वाफ क्रँककेसच्या थंड भिंतींवर जमते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते. काही आठवड्यांनी ऑइल भरण्याचे झाकण उघडले, तर त्याच्या आतल्या बाजूला फिकट कॉफीच्या रंगाचा चिकट लगदा लागलेला दिसेल. तो पाहून हेड गॅस्केट गेली असे समजून घाबरलेले वाचकही आहेत. पुष्कळदा तो या रविवारच्या पाच मिनिटांचाच साठा असतो. बॅटरीचेही तेच: सेल्फ मारताना जेवढी वीज खर्च होते, तेवढी न्यूट्रलमधील पाच मिनिटांत परत भरत नाही.

चालवायची असेल तर किमान अर्धा तास रस्त्यावर चालवा. नाहीतर तिला झोपू द्या. झोपवण्यापूर्वी ऑइल बदला, नंतर नव्हे, कारण जुन्या ऑइलमधील आम्ले चार महिने बेअरिंगांना चिकटून राहणे बरे नव्हे. टाकी काठोकाठ भरा, त्यात इंधन टिकवणारे द्रव्य घाला आणि ते इंजेक्टरपर्यंत पोहोचावे म्हणून काही किलोमीटर फिरवून आणा. अर्धी टाकी ठेवली, तर वरच्या रिकाम्या भागात दव साचते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ते पाणी शोषून घेते आणि प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी, म्हणजे नेमके पंपाच्या तोंडाशी बसतात. बॅटरीला आपोआप बंद-चालू होणारा चार्जर लावून ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात उंदीर जाऊ नये म्हणून कापडाचा बोळा घालणार असाल, तर त्याची एक लांब शेपटी बाहेर लोंबती ठेवा.

प्रश्न : दोन वर्षांत तिसरी बॅटरी. प्रत्येक वेळी दुकानदार बॅटरीच खराब निघाली असे म्हणतो. मी दोन जादा दिवे, फोन चार्जर आणि गरम होणारे ग्रिप बसवले आहेत.

उत्तर : तीन बॅटऱ्या ओळीने खराब निघत नाहीत. एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून आरपीएम चार हजारांच्या आसपास नेले की टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा तेराच्या खाली राहिला तर बॅटरी उपाशी आहे. पंधराच्या वर गेला तर ती उकळते आहे. दोन्हींत दोष बॅटरीचा नाही.

बहुतेक मोटारसायकलींत वीज तयार करणारे चुंबक कायमस्वरूपी असतात. ते ‘बंद’ करता येत नाहीत. म्हणून जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीची वीज सरळ जमिनीकडे वळवून उष्णतेच्या रूपात जाळतो, आणि ती उष्णता तो स्वतः आणि इंजिनाच्या आत बसलेली स्टेटरची गुंडाळी सोसत असते. त्यात रेग्युलेटर जर फेअरिंगच्या आत, हवा न लागणाऱ्या जागी बसवलेला असेल, तर त्याचे आयुष्य आणखी घटते. पण मोजमापानंतर पहिली नजर टाका ती स्टेटर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या कपलरवर. सहसा तेथे एकाच रंगाच्या तीन तारा असतात. कपलर सोडवून पाहा: प्लॅस्टिक तपकिरी पडले असेल, एखादी पिन निळी-काळी झाली असेल, तारेचे आवरण टोकाशी कडक होऊन तडकले असेल, तर गुन्हेगार सापडला. सैल पिनेमुळे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेमुळे पिन आणखी सैल होते. एवढ्या एका सांध्यापायी स्टेटर जळून गेलेले मी पाहिले आहेत.

कपलर सोडवलेलाच असेल, तर तिन्ही तारांमधला रोध दोन-दोन करून मोजा. तो अगदी कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखा असावा. कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशी संबंध आढळला, तर स्टेटर गेला. जादा दिव्यांविषयी: त्यांचे वॅट आणि ग्रिपचे वॅट यांची बेरीज करून ती मॅन्युअलमधील आल्टरनेटरच्या क्षमतेशी ताडून पाहा, आणि ती क्षमता वरच्या आरपीएमला मिळते, वाहतुकीत रांगताना नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : शाफ्टच्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचे चाक चालवणाऱ्या, गाडीला चेनसारखी देखभाल लागत नाही म्हणून मी ती घेतली. ते खरे आहे ना?

उत्तर : चेनसारखी लागत नाही, पण लागते. मागच्या गिअरपेटीतील थोडेसे ऑइल मॅन्युअलप्रमाणे बदला. आणि मागचा टायर बदलताना चाक निघालेलेच असते, तेव्हा शाफ्टच्या खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, त्या पुसून त्यांना मॉलिब्डेनम असलेले ग्रीस लावून घ्या. टायरवाला हे स्वतःहून करत नाही. कोरड्या खाचांचे दाते टोकदार होत जातात आणि एके दिवशी इंजिन फिरते, गिअर पडतो, पण चाक हलत नाही.

प्रश्न : गाडीला एक लाख किलोमीटर पूर्ण झाले. काहीही तक्रार नाही, तरी पुढील मोठ्या प्रवासापूर्वी खबरदारी म्हणून इंजिन खोलून ओव्हरहॉलिंग करून घ्यावे का?

उत्तर : नाही. या इंजिनांवर ताण किती कमी असतो ते पाहा: सध्याच्या गोल्ड विंगचे सहा सिलिंडरचे इंजिन १,८३३ सीसीचे असून त्यातून सुमारे १२५ अश्वशक्ती घेतली जाते, तर हजार सीसीच्या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीकडून दोनशेच्या आसपास अपेक्षा केली जाते. नीट सांभाळलेल्या टूरिंग इंजिनाला एक लाख म्हणजे मध्यान्ह. हजारो तास एकमेकांत मुरलेले भाग वेगळे करून पुन्हा जुळवले की नवे गॅस्केट, नवी गळती आणि विसरलेला एखादा वॉशर असे प्रश्न उभे राहतात. त्याऐवजी कंप्रेशन तपासा, तेही गरम इंजिनावर आणि थ्रॉटल पूर्ण उघडून. सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि मॅन्युअलच्या मर्यादेत असतील, तर रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्याविषयी निश्चिंत राहा. वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते, ते बोटाने चाचपा. तेथे हिरवा किंवा निळा ओघळ वाळलेला दिसला, तर पंपाचे सील जायला लागले आहे आणि तेवढेच बदलायचे आहे. वर सांगितलेला कपलर, कूलंटच्या नळ्या, टायरवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष हे सगळे एका दुपारचे काम आहे.

आणि ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे पाहा. त्यावर राखाडी रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप असणारच. गिअरच्या दात्यांची ती रोजची झीज आहे. थोडा लेप अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळा. काही टोचले नाही, तर पुसून प्लग परत लावा. चमकणारे कण, सळईसारखे बारीक तुकडे किंवा ऑइलमध्ये सोनेरी झाक दिसली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर बदलेल. तेव्हा ते ऑइल फेकू नका, स्वच्छ बाटलीत भरून मेकॅनिकला दाखवा. प्लग लावताना खालचा वॉशर नवीन घाला आणि टॉर्क रेंच वापरा, कारण क्रँककेस ॲल्युमिनियमचे आहे आणि त्याचे आटे एकाच जोरकस पिळ्यात जातात.